सात मामांचं सिंहासन
पडद्यावरच्या परीकथा : लेखांक ७

मरणाच्या दारात पोचलेला म्हातारा राजा उंच मनोऱ्यातल्या पलंगावर पडला आहे. भोवती चार मुलगे उभे आहेत. त्यांतल्या सेकंडसला तो खिडकीशी जायला सांगतो आणि विचारतो, काय दिसतंय? राज्य दिसतंय, सेकंडस म्हणतो, सगळं स्टॉर्महोल्ड. म्हातारा आणखी टोकतो. सेकंडसच्या चेहऱ्यावर आशा पसरते आणि तो चाचरत विचारतो, म्हणजे माझं राज्य? असेलही, वर बघ, असं उत्तर येतं. तो मान वर करतो आणि तेवढ्यात सगळ्यांत धाकट्या सेप्टिमसचा धक्का त्याच्या पाठीला बसतो. सेकंडस मनोऱ्यावरून खाली. पलंगावरचा बाप खदाखदा हसतो.

२००७ सालचा 'स्टारडस्ट' हा मॅथ्यू व्हॉन यांचा चित्रपट बहुतेकांना आठवतो तो आभाळातून पडलेल्या ताऱ्यासाठी. तारा जमिनीवर पडतो तो मुलगी होऊन. तिचं नाव इव्हेन, भूमिका क्लेअर डेन्सची. तिच्यामागे तिघं लागतात : प्रेयसीला तारा आणून देण्याचं वचन दिलेला ट्रिस्टन हा खेड्यातला पोर, ताऱ्याचं काळीज खाऊन पुन्हा तरुण होऊ पाहणारी चेटकीण लामिया, आणि स्टॉर्महोल्डचे राजपुत्र. जाहिरातीत, गाण्यात, पोस्टरवर प्रेमकथाच पुढे होती. मला मात्र हा चित्रपट परत परत पाहावासा वाटतो तो राजपुत्रांसाठी. परीकथेतल्या राजघराण्याच्या भाऊबंदकीवर इतका विचार केलेला दुसरा चित्रपट मला ठाऊक नाही, म्हणून आजचा लेखांक केवळ त्यांच्यासाठी.

आधी कथेचं मूळ. नील गेमन यांनी ही गोष्ट चार्ल्स व्हेस या चित्रकाराबरोबर रचली. १९९७-९८ मध्ये ती चार सचित्र भागांत आली आणि १९९९ मध्ये नुसत्या मजकुराची कादंबरी म्हणून निघाली. पटकथा व्हॉन आणि जेन गोल्डमन यांची. स्कॉटलंडचं स्काय बेट, आइसलंड आणि लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ इथे मुख्य चित्रीकरण झालं. अमेरिकेत तिकीटबारीवर चित्रपट फारसा चालला नाही, पण २००८ मध्ये त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि पुढे घराघरांत तो आवडीने पाहिला जाऊ लागला.

स्टॉर्महोल्डची रीत अशी : राजाला जितके मुलगे, त्यांतला जो शेवटी जिवंत उरेल तो गादीवर बसेल. थोरला-धाकटा हा भेद नाही, लायकीची परीक्षा नाही, प्रजेचं मत नाही. मुलांची नावं लॅटिन क्रमांकांवरून ठेवली आहेत : प्रायमस, सेकंडस, टर्शियस, क्वार्टस, क्विंटस, सेक्स्टस, सेप्टिमस. पहिला ते सातवा. नावाच्या जागी अनुक्रमांक मिळालेल्या मुलांकडे बाप कोणत्या नजरेने पाहत असेल, हे वेगळं सांगावं लागत नाही. पहिल्या प्रसंगात म्हातारा खंतावून बोलतो : सातांपैकी चार अजून उभे आहेत, हे घराण्याच्या रीतीला धरून नाही, मला तर बारा भाऊ होते. त्याचं वाक्य सेप्टिमस पुरं करतो : आणि आजोबांना साधं बरं वाटेनासं व्हायच्या आत तुम्ही ते सगळे संपवले होते. सेप्टिमसच्या आवाजात तक्रार नाही, पाठ म्हटल्यासारखं तो ते म्हणतो.

गेल्या आठवड्यात आपण ग्रिम बंधूंची तीन पिसांची गोष्ट पाहिली. राजा तीन पिसं हवेत फुंकतो, तीन मुलगे त्या दिशांना जातात आणि ज्याला सगळे भोळसट समजतात तो धाकटा सर्वांत सुंदर गालिचा, अंगठी आणि वधू घेऊन येतो. ग्रिमांच्याच जीवनजलाच्या गोष्टीत राजा आजारी आहे आणि जीव वाचवणारं पाणी आणायला तीन भाऊ एकामागून एक निघतात. 'स्टारडस्ट'चा सांगाडा हाच आहे. मरणारा राजा, मिळायला अवघड अशी वस्तू, घोडे दौडवत निघालेले भाऊ. राजा गळ्यातलं माणिक काढतो, त्याचा लाल रंग उतरून ते काचेसारखं पांढरं होतं. तो सांगतो, आपल्या रक्ताच्या माणसाच्याच हाती याला पुन्हा रंग येईल आणि तो रंग जो आणील तो राजा. मग ते माणिक खिडकीतून उडून आभाळात जातं आणि ताऱ्याला धडकून त्याला खाली पाडतं. गादीची गोष्ट आणि ताऱ्याची गोष्ट अशी एका फटक्यात एकमेकींत गुंतते.

सांगाडा जुना ठेवून मांडणी मात्र उलटी केली आहे. ग्रिमांच्या गोष्टींत धाकट्यावर वाचकाचा जीव जडतो, कारण तो दुबळा असतो, थोरल्यांनी हिणवलेला असतो आणि वाटेत भेटलेल्या बेडकीशी किंवा बुटक्याशी नीट बोलतो. इथला धाकटा, सेप्टिमस, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत निर्दय आहे. मार्क स्ट्राँग यांनी तो साकारला आहे तो आवाज न चढवता, जवळजवळ कंटाळल्यासारखा. त्याचा एक प्रसंग पाहण्यासारखा आहे. त्याच्याजवळ दगडी फासे टाकून कौल सांगणारा एक ज्योतिषी आहे. वाट चुकतेय असा संशय आल्यावर सेप्टिमस स्वतः प्रश्न विचारायला लागतो, आणि प्रश्न असे की ज्यांची उत्तरं त्याला आधीच माहीत आहेत : मी सातवा मुलगा आहे का? फासे होकार देतात. मग आणखी एक तसाच साधा प्रश्न, पुन्हा होकार. म्हणजे फासे खरं बोलतात, एवढं पक्कं झालं. मग तो त्याच आवाजात विचारतो : तू माझ्या भावासाठी काम करतोस का? फासे पुन्हा होकारच देतात आणि ज्योतिष्याचा जीव जातो. एखाद्या यंत्राची चाचणी घेऊन मगच ते वापरावं, अशी ही पद्धत आहे. ग्रिमांच्या धाकट्याला भाबडेपणा तारून नेतो. सेप्टिमसजवळ भाबडेपणाचा लवलेशही नाही, म्हणून तो सहा भावांना पुरून उरतो, आणि तरीही हरतो.

पण चित्रपटाची खरी करामत मेलेल्या भावांची आहे.

मेलेले राजपुत्र कुठे जात नाहीत. स्टॉर्महोल्डला नवा राजा मिळेपर्यंत त्यांची सुटका नाही. सेकंडस खाली आदळतो आणि पुढच्याच क्षणी आधी मेलेल्या भावांच्या रांगेत उभा असतो. ते त्याचं स्वागत करतात, आता इथेच अडकलास म्हणून सांगतात. ही भुतं राखाडी दिसतात, रंगीत खोलीत रंग निघून गेलेली माणसं. आणि प्रत्येक जण मेला त्या क्षणी होता तसाच. एकाच्या डोक्यात कुऱ्हाड रुतलेली, एक होरपळलेला, सेकंडसचं तोंड एका बाजूने चेपलेलं. पुढे प्रायमसचा गळा आंघोळीच्या टबात चिरला जातो, त्यामुळे तो उरलेला सगळा चित्रपट उघड्या अंगाने, ओशाळून वावरतो. रूपर्ट एव्हरेट, मार्क हीप, डेव्हिड वॉलियम्स, अॅडम बक्स्टन, ज्युलियन ऱ्हाइंड-टट, जेसन फ्लेमिंग अशी विनोदात मुरलेली नटमंडळी या भूमिकांत आहेत, आणि त्यांना संवाद फार नाहीत. त्यांचं काम पाहण्याचं. ती दचकतात, कुजबुजतात, एकमेकांना ढोसतात, कुणी जिंकायला लागलं की पुढे सरसावतात, घाव बसला की डोळे मिटतात.

या भुतांना पाहू-ऐकू शकतो तो फक्त प्रेक्षक. जिवंत भावांना त्यांचा पत्ता नाही. आणि प्रेक्षक जे करतो तेच भुतंही करतात : डोळ्यांसमोर चाललेलं पाहायचं, हळहळायचं, हसायचं, आणि कशातही हात घालता येत नाही हे सोसायचं. दिग्दर्शकाने मेलेल्या राजपुत्रांना आपल्या शेजारच्या खुर्च्या दिल्या आहेत.

आता जिवंत भावांकडे पाहा. प्रायमस आणि सेप्टिमस एकाच खोलीत असले तरी मधे तलवारीएवढं अंतर ठेवून असतात. प्याल्यातल्या विषाने टर्शियस जातो आणि त्याच्याबरोबर बिचारा बिशपही. त्यानंतर प्रायमसला दुसऱ्याच्या हातचा पेला चालत नाही. सराईत परके आणि परक्यांहून वाईट, असे हे भाऊ. मेलेले भाऊ मात्र दाटीवाटीने एकत्र बसतात. नवा मेलेला आला की सरकून त्याला जागा देतात. एकमेकांच्या जखमांची थट्टा करतात. आपल्याला कुणी मारलं हे सगळ्यांना माहीत आहे आणि मारणारा अजून जिवंत आहे, तरी सूडाची भाषा त्यांच्यात नाही. जिवंत असताना प्रत्येकाला हवं होतं ते एकच सिंहासन, आणि ते एकालाच मिळणार होतं. मेल्यावरही सगळ्यांना एकच गोष्ट हवी आहे, पण ती सगळ्यांना एकाच वेळी मिळू शकते : कुणीतरी एकदाचा राजा व्हावा आणि आपण सुटावं. स्पर्धेची रीत तीच, हवं असणं तेवढंच तीव्र, पण आता त्यात कुणाच्या मिळण्याने कुणाचं जात नाही. स्टॉर्महोल्डच्या या मुलांना भाऊपण मिळतं ते मेल्यावर. मला हा या चित्रपटाचा गाभा वाटतो. तो कुठे बोलून दाखवलेला नाही, तो भुतांच्या बसण्या-उठण्यात आहे.

राजाच्या भूमिकेसाठी पीटर ओ'टूल यांना घेतलं, यातही विचार दिसतो. १९६८ च्या 'द लायन इन विंटर'मध्ये त्यांनी इंग्लंडचा दुसरा हेन्री केला होता. ११८३ चा नाताळ, फ्रान्समधला शिनॉंचा किल्ला, आणि गादीसाठी बापाभोवती डाव रचणारे रिचर्ड, जेफ्री आणि जॉन हे तीन मुलगे. कॅथरीन हेपबर्न एलिनॉर राणी झाल्या होत्या आणि रिचर्डच्या भूमिकेत तेव्हाचा नवखा अँथनी हॉपकिन्स होता. त्या हेन्रीला मुलांचा राग येतो, त्यांचं प्रेमही वाटतं आणि तो स्वतःच त्यांना एकमेकांवर सोडतो. चाळीसएक वर्षांनी तोच नट, सत्तरी ओलांडलेला, मोजक्या मिनिटांच्या भूमिकेत पुन्हा मुलांच्या मधोमध पडून आहे. आता प्रेमाचा भाग गळून गेला आहे. मुलांना एकमेकांवर सोडणं तेवढं उरलं आहे आणि त्याचं त्याला खरोखर हसू येतं. ज्यांनी जुना चित्रपट पाहिला आहे त्यांना या हसण्याचा अर्थ अधिक कळेल. पाहिला नसेल तर जरूर पाहावा.

खून मोजत गादीकडे सरकण्याचा विनोद ब्रिटिश चित्रपटाला नवा नाही. १९४९ च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एक तरुण सरदारकी मिळवण्यासाठी वाटेतल्या एकेका नातेवाइकाचा काटा काढतो, आणि त्या घराण्यातली आठ माणसं एकट्या अॅलेक गिनेस यांनी केली आहेत. 'स्टारडस्ट'ची भुतं त्याच परंपरेतली आहेत. विनोद लागतो कारण नियम इतका क्रूर आहे की तो गंभीरपणे मांडला तर मुलांना दाखवताच येणार नाही.

आणि हा नियम कल्पनेतला नाही. ज्यांना तो परीकथेपुरता वाटतो त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

ऑटोमन साम्राज्यात, गादीवर बसणाऱ्या सुलतानाने राज्याच्या शांततेसाठी भावांना मारलं तर ते योग्यच, असा कायदा कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमदच्या नावावर सांगितला जातो. १५९५ मध्ये तिसरा मेहमद सुलतान झाला तेव्हा त्याचे १९ भाऊ गळा आवळून मारले गेले. राजरक्त जमिनीवर सांडू नये म्हणून धनुष्याची दोरी वापरत. त्यांत अगदी लहान मुलंही होती. १६०३ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या अहमदने भाऊ मुस्तफाला जिवंत ठेवलं आणि हळूहळू रीत बदलली. राजपुत्रांना मारण्याऐवजी राजवाड्यातल्या दालनांत कोंडून ठेवू लागले. त्या दालनांना पिंजरा म्हणत. वर्षानुवर्षं तिथे राहायचं, बाहेर काय चाललंय ते कानावर येईल तेवढं ऐकायचं, हस्तक्षेप कशातच करायचा नाही आणि कुणी मेला तर कदाचित आपली पाळी येईल म्हणून वाट पाहायची. स्टॉर्महोल्डची भुतं पाहताना मला या जिवंत माणसांची आठवण येते.

आपल्या इतिहासात तर हा नियम डोळ्यांसमोर आहे. शहाजहान १६२८ मध्ये तख्तावर बसला तो भाऊ शहरयार आणि पुतण्या दावरबक्ष यांना मारवून. त्याआधी, १६२२ मध्ये, थोरला भाऊ खुसरो बुऱ्हाणपुरात त्याच्याच कैदेत मेला होता. तोच शहाजहान १६५७ मध्ये आजारी पडला आणि चार मुलगे चार दिशांनी उठले : दिल्ली-आग्र्याकडे दारा, बंगालात शुजा, गुजरातेत मुराद, दख्खनच्या सुभ्यावर औरंगजेब. औरंगजेबाचं सैन्य निघालं ते औरंगाबादेहून, आजच्या छत्रपती संभाजीनगरातून. मोगलांची नजर उत्तरेकडे लागलेली असताना शिवाजी महाराजांना इकडे हालचालीला मोकळीक मिळाली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १६५९ मध्ये दारा मारला गेला, शुजा आराकानात परागंदा झाला, मुरादला १६६१ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात संपवलं. बाप मात्र जिवंत होता. १६६६ पर्यंत आठ वर्षं तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. स्टॉर्महोल्डच्या राजाला मुलांचं भांडण पाहून हसायची सवड मिळते. शहाजहानने ज्या वाटेने तख्त मिळवलं होतं त्याच वाटेने मुलं आलेली त्याला पाहावी लागली.

या चार भावांमध्ये राज्य वाटून द्यावं, असा तोडगा बहीण जहाँआराने मांडून पाहिला होता. तो कुणी घेतला नाही. बापाच्या कैदेत ती त्याच्याजवळ राहिली. 'स्टारडस्ट'मध्येही सात भावांना एक बहीण आहे, आणि आता तिच्याकडे वळायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच फिरते.

तिचं नाव ऊना. मरताना राजा विचारतो, ती कुठे आहे? सगळ्यांच्या नजरा सेप्टिमसकडे वळतात. त्याचं उत्तर हिशेबी आहे : गादी मुलग्यालाच मिळते, मग हे भाऊ जिवंत असताना बहिणीला मारून मी काय मिळवणार? म्हणजे तिला कुणी मारत नाही, कारण तिची मोजदादच नाही. ऊना एका चेटकिणीच्या गाडीला जादूच्या साखळीने बांधलेली दासी आहे, जत्रांमधून फिरते आहे. शेजारच्या इंग्लंडमधल्या खेड्यातून, दोन्ही मुलखांमधली भिंत ओलांडून आलेल्या एका तरुणाशी तिची एका रात्रीची गाठ पडते आणि त्यातून झालेलं मूल टोपलीत घालून भिंतीपलीकडे बापाकडे पोचवलं जातं. तो ट्रिस्टन. अठरा वर्षं तो दुकानात काम करत वाढतो, आई कोण हे त्याला माहीत नाही.

म्हणजे हा सात मामांचा भाचा. हे लक्षात ठेवून प्रायमसच्या बग्गीचा प्रसंग पुन्हा पाहा. रात्री रस्त्यावर ट्रिस्टन अचानक बग्गीसमोर येतो. सेप्टिमसने मारेकरी पाठवला, असं प्रायमसला वाटतं. गैरसमज दूर झाल्यावर तो या अनोळखी पोराला बग्गीत घेतो. मामा-भाचे शेजारी बसून प्रवास करतात आणि दोघांनाही नातं ठाऊक नाही. भुतंही बग्गीवर आहेत आणि त्यांनाही ते ठाऊक नाही. जिवंत भावाने दुसऱ्या माणसाशी मोकळेपणाने वागल्याचा सगळ्या चित्रपटातला हा एकच प्रसंग, आणि तो एका वारसाने दुसऱ्या वारसाला, स्पर्धक आहे हे न कळता, दिलेला आसरा आहे. कळलं असतं तर काय झालं असतं? प्रायमस सातांत सगळ्यांत माणुसकीचा, पण रीत त्यालाही पाळायची होतीच. पुढच्याच मुक्कामी, लामियाने जादूने उभ्या केलेल्या सराईत, तो मरतो.

मराठी वाचकाला इथे कंस आठवेल. बहिणीला बेड्या, बहिणीच्या मुलाची भीती आणि त्या मुलाचं दुसऱ्याच्या घरी वाढणं. फरक असा की कंसाला आकाशवाणीने सावध केलं होतं. स्टॉर्महोल्डच्या सात भावांना कुणी सावध केलं नाही, कारण बहिणीकडून काही येऊ शकतं हे त्यांच्या रीतीतच बसत नव्हतं.

सेप्टिमसचा शेवट या रीतीचा शेवट आहे. तोवर त्याला कळलेलं असतं की माणिक ज्या मुलीच्या गळ्यात आहे ती तारा आहे आणि ताऱ्याचं काळीज खाणारा मरत नाही. त्याचे डोळे चमकतात : कायमचा राजा. जरा थांबून यावर विचार करावा. भाऊ संपवून गादी मिळाली तरी उद्या आपले मुलगे मोठे होतील आणि आपल्या पलंगाभोवती उभे राहतील, हे त्याने नुकतंच पाहिलं आहे. त्यावर त्याला सुचलेला उपाय म्हणजे मरायचंच नाही. भाऊ संपवले तसा आता वारसही संपवायचा. पण लामिया त्याची मातीची बाहुली बनवते. बाहुलीचा हात मोडते, सेप्टिमसचा हात मोडतो. पाय मोडते, पाय मोडतो. मग ती बाहुली पाण्यात टाकते आणि सेप्टिमस कोरड्या जमिनीवर, हवेत तरंगत, बुडून मरतो. त्या क्षणी सातही भाऊ राखाडी झालेले असतात. शेवटचा उरेल तो राजा, या नियमाने शेवटी कुणीच उरलेलं नाही. भुतांच्या चेहऱ्यावरची निराशा तेव्हा खरी आहे : आता सुटका कधीच नाही.

चेटकीण त्या मेलेल्या देहालाच कळसूत्री बाहुलीसारखं नाचवते, त्याच्या हातात तलवार देते आणि ट्रिस्टनवर सोडते. भाच्याला मामाच्या प्रेताशी लढावं लागतं. मग सगळं निवल्यावर ट्रिस्टन जमिनीवर पडलेलं माणिक उचलतो आणि ते त्याच्या मुठीत लाल होतं. ऊना सांगते, तू वारस आहेस. ज्याने गादी मागितली नव्हती, ज्याला ती आहे हेही माहीत नव्हतं, त्याच्याकडे ती आली, तीही आईच्या बाजूने. सातही भुतं सुटतात.

इथवर चित्रपट उत्तम आहे. यानंतर त्याने ऊनावर अन्याय केला, असं माझं ठाम मत आहे. कादंबरीत ट्रिस्टन लगेच गादीवर बसत नाही. त्याला आणि इव्हेनला जग पाहायचं असतं, म्हणून ते परत येईपर्यंत राज्य ऊना चालवते. अठरा वर्षांहून अधिक काळ साखळीत काढलेली, भावांच्या हिशेबात कधीच न आलेली बहीण राज्यकारभार पाहते. चित्रपटात ती राज्याभिषेकाला छान कपड्यांत शेजारी उभी राहते, एवढंच. कादंबरीचा शेवट आणखी पुढे जातो : ट्रिस्टन म्हातारा होऊन मरतो आणि न मरणारी इव्हेन एकटी राज्य करत राहते. चित्रपटाने दोघांना ८० वर्षं राज्य दिलं आणि मग जादूच्या मेणबत्तीने आभाळात तारे करून पाठवलं. प्रेमकथेला तो शेवट शोभतो. गादीच्या गोष्टीसाठी कादंबरीचाच शेवट खरा, कारण तिथे रीत खरोखर मोडते. चित्रपटात मुलग्याचाच हक्क कायम राहिला, फक्त मुलगा चांगला निघाला.

हा प्रश्न २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नुसता परीकथेतला नव्हता. तेव्हाही तिथल्या कायद्याने धाकटा भाऊ थोरल्या बहिणीच्या पुढे जात होता. २०११ मध्ये पर्थ इथे, ब्रिटिश राजमुकुट मानणाऱ्या देशांनी तो भेद काढायचं ठरवलं, २०१३ मध्ये कायदा झाला आणि २०१५ पासून तो लागू झाला. २०१८ मध्ये राजपुत्र लुईचा जन्म झाला तेव्हा त्याची थोरली बहीण शार्लट वारसांच्या यादीत आपल्या जागी राहिली. आज हा चित्रपट कुणी नव्याने केला तर ऊनाला खिडकीशी बोलावून तोच प्रश्न विचारावा, काय दिसतंय? ती काय उत्तर देईल, ते मला ऐकायचं आहे.

पुढच्या लेखांकात सत्यजित राय यांचा १९६९ चा 'गुपी गायेन बाघा बायेन'. शुंडी आणि हल्ला या दोन राज्यांचे राजे तिथे भाऊ आहेत, दोघांच्या भूमिका संतोष दत्त यांनी केल्या आहेत आणि त्यांची लढाई थांबते ती गाण्याने आणि आभाळातून पडणाऱ्या मिठाईने.